म्हातारा जिंकेल का?

“काय हो, म्हातारा जिंकेल का?” नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. टेक्सासमध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलशी लढणार होता. ड्रॉइंगमास्तरांनी चहाची पैज लावली. मी म्हणालो, “हा प्रश्नच मला गैर वाटतो.” सगळे हसले. पण सणाच्या दिवशीही मला तेच म्हणायचे आहे.

मुष्टियोद्ध्याचे पाय आधी म्हातारे होतात, ठोसा सर्वांत शेवटी. फसगत होते ती इथेच. सरावातला ठोसा पाहून लोक म्हणतात, गडी अजून तोच आहे! पण सरावाची पिशवी काही उलटून मारीत नाही.

१९५१ साली सदतिसाव्या वर्षी जो लुई रॉकी मार्सियानोपुढे उभा राहिला, तो हौसेने नव्हे. सरकारी कराचे कर्ज डोक्यावर होते. आठव्या फेरीत तो दोरांबाहेर कोसळला. १९८० साली अडतीस वर्षांचा महंमद अली लॅरी होम्सशी लढला. होम्स हा एकेकाळचा त्याचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्यांत अलीला एकही फेरी जिंकता आली नाही. शेवटी त्याच्या गुरूनेच, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. चार वर्षांनी त्याला कंपवाताचे निदान झाले.

“पण फोरमन?” असे कोणी विचारीलच. खरे आहे. १९९४ साली पंचेचाळिसाव्या वर्षी जॉर्ज फोरमनने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवले. पण तोपर्यंत तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता, हे कोणी सांगत नाही. एकाला सोडत लागली, म्हणून साऱ्या गावाने घरदार विकून तिकिटे घ्यावीत काय? प्रत्येक म्हाताऱ्या योद्ध्याला आखाड्यात लोटताना हाच एक फोरमन पुढे केला जातो.

टायसनची लढत मुळात जुलैत होती. पोटातल्या व्रणामुळे ती लांबली. तरी ती झालीच. फेऱ्या आठ, त्याही दोन-दोन मिनिटांच्या. तिन्ही पंचांनी पॉलला विजयी ठरवले. म्हाताऱ्याला पैसे मिळाले, हे मी नाकारीत नाही. पण त्याचे पडणे पाहण्यासाठी पैसे मोजणारा कोण? तुम्ही आणि मी.

होय, मीसुद्धा. त्या सकाळी मी लढत पाहिली, आणि ड्रॉइंगमास्तर हरले तेव्हा त्यांचा चहाही प्यालो. १९९६ साली अटलांटाला कापऱ्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा अली पाहून आपण डोळे पुसले होते. ते अश्रू खरे असतील, तर पुढच्या खेपेस “म्हातारा जिंकेल का?” असे विचारू नका. “याला वर कोण चढवतो आहे?” असे विचारा, आणि उत्तर मिळाले की पडदा बंद करा.