स्टेपनी गेली, जॅकही गेला. मग चाक काढायचं कसं?

नव्या गाड्यांमधून एक वस्तू हळूहळू गायब होतेय, ती म्हणजे स्टेपनी. 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी टीपीएमएस यंत्रणा असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. स्पोर्ट्स कारमध्ये तर हे आधीपासूनच आहे. पोर्शे 911 घेतली तरी आत सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीत शोरूम उघडून भारतात आलेल्या टेस्लाच्या मॉडेल वायमध्येही स्टेपनी नाही.

स्टेपनी गेली की जॅक आणि पानाही जातो. मग आपण काय करतो? रील बघतो, शॉपिंग ॲपवर सगळ्यात स्वस्त जॅक ऑर्डर करतो आणि घरच्या पार्किंगमध्ये प्रयोग सुरू. माझी खरी काळजी इथे आहे.

खाली जागाच नाही

आपल्या साध्या हॅचबॅकखाली साधारण 165 मिलिमीटर जागा असते. स्पोर्ट्स कारखाली ती बऱ्याचदा 110 ते 120 वर येते. नेहमीचा ट्रॉली जॅक तिथे शिरतच नाही. त्यासाठी लो प्रोफाइल जॅक लागतो, जो 75 ते 90 मिलिमीटर उंचीतही आत सरकतो.

पण जॅक आत गेला म्हणजे काम झालं असं नाही. तो टेकवायचा कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. मॉडेल वायच्या पोटाखाली सपाट पसरलेला बॅटरी पॅक आहे. उचलण्यासाठी फक्त चार ठरलेल्या जागा आहेत. तिथे रबरी पक लावून उचलायचं असतं. जॅक चुकून बॅटरीवर टेकला तर ते नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीचं मॅन्युअलच सांगतं. एअर सस्पेन्शन असलेल्या मॉडेल एसमध्ये तर आधी स्क्रीनवर जाऊन 'जॅक मोड' चालू करावा लागतो. नाहीतर गाडी स्वतःची उंची आपोआप सावरायला बघते. म्हणजे चाक काढण्याआधी आता सेटिंग्ज उघडायच्या!

जॅक उचलतो, स्टँड धरतो

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका गोष्टीला फार घाबरतो : सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे एकच भाग बिघडला की सगळी सिस्टिम कोसळते. हायड्रॉलिक जॅक नेमका तसाच आहे. दीड-दोन टनांची गाडी आतल्या तेलावर आणि एका रबरी सीलवर तोललेली असते. सील गळलं की गाडी खाली. म्हणून उचलल्यावर वजन जॅक स्टँडवर द्यायचं. हा आपला बॅकअप.

पण बॅकअपही तपासावा लागतो. 2020 मध्येच अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीला आपले जॅक स्टँड परत मागवावे लागले. पहिल्याच फेरीत साडेचार लाखांहून जास्त. उत्पादनाची साधनं झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये दाते आणि खिट्टी एकमेकांत पुरेशी अडकत नव्हती. वजन जरा हललं की स्टँड अचानक बसू शकत होता. पुढे तर बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्येही वेल्डिंगचा दोष निघाला. तिथे रिकॉल निघाला म्हणून लोकांना कळलं तरी. आपण ॲपवरून बिननावाचा स्टँड घेतला, तर उद्या दोष सापडल्यावर आपल्याला कळवणार कोण?

म्हणून खरेदी करताना स्टार रेटिंगच्या आधी दोन गोष्टी बघा. स्टँडवर निर्मात्याचं नाव आहे का? आणि '3 टन' हा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा?

किती घट्ट म्हणजे घट्ट?

मॉडेल वायचे नट 175 न्यूटन मीटरने आवळायचे असतात. पोर्शे 911 जीटी3 मध्ये पाच बोल्टऐवजी मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला तब्बल 600 न्यूटन मीटर लागतात. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 60 किलोच्या माणसाने पूर्ण लटकायचं! आणि त्या वेळी ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस हवा. हा आकडा अंदाजाने गाठता येत नाही, त्यासाठी टॉर्क रेंचच लागतो. पंक्चरवाल्याची एअर गन वेगवान असते, पण ती किती आवळतेय हे तिला स्वतःलाही माहीत नसतं. कमी पडलं तर नट सुटतो, जास्त झालं तर बोल्ट ताणला जातो.

आपण काय लक्षात ठेवायचं?

- जमीन सपाट आणि पक्की हवी. माती, उतार, पेव्हर ब्लॉक नको.
- हँडब्रेक लावा, विरुद्ध बाजूच्या चाकाला अडसर द्या.
- पाच बोल्टचं चाक असेल तर ते जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल करा.
- स्टँड लावल्याशिवाय हात-पाय गाडीखाली घालू नका.
- आवळताना शेजारचा नाही, समोरचा बोल्ट घ्या.
- एक्स्प्रेसवेवर हे काहीच करू नका. गाडी कडेला घ्या, रेलिंगपलीकडे उभे राहा आणि रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा.

माझं मत स्पष्ट आहे : स्टेपनी काढायला परवानगी देताना, गाडी कुठून उचलायची हे दारावरच्या स्टिकरवर मराठी-हिंदीत छापणंही सक्तीचं करायला हवं होतं. ही माहिती आज मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये दडलेली आहे. तोवर एक काम आजच करा. घरच्या गाडीचं मॅन्युअल फोनमध्ये उतरवून घ्या आणि जॅकिंग पॉइंटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. पंक्चर होईल तिथे नेटवर्क असेलच असं नाही.