उभी गाडीही खाते



आपल्या वस्तीत एकेकाळी कुणाच्या दारात नवी सायकल आली तरी शेजारीपाजारी पाहायला जमत. आज बऱ्याच घरांतल्या मुलांनी कर्ज काढून टॅक्सी नाहीतर टेम्पो घेतला आहे. ही हौस नव्हे, त्या घरची चूल त्या गाडीवर पेटते. गाडी चालवायला आपण शिकतो, पण महिनोन् महिने बंद ठेवायची वेळ आली तर काय करायचे, हे कुणी शिकवत नाही. आजारपण येते, परगावी नोकरी लागते, आखातात दोन वर्षांचा करार होतो. 2020 च्या टाळेबंदीत तर शहरभर टॅक्सी जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ सीएनजीवरची टॅक्सी चालवतो. जून 2022 मध्ये जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला. गाडी इमारतीमागच्या झाडाखाली लावली, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला. "रोज पाच मिनिटं चालू करून ठेव," एवढेच त्याने बायकोला सांगितले. भावजयीने ते इमानेइतबारे केले. जानेवारीत पाहतो तर बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक चिकटलेले, टायर बसलेले आणि उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. मेकॅनिकचा कागद 19,000 रुपयांचा. बँकेचे हप्ते वेगळेच. त्यात विमा सप्टेंबरमध्येच संपलेला. भावजय रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, मी एक दिवसही चुकवला नाही हो!" चूक तिची नव्हती. घरातले सगळे हिशेब मी पाहतो, आणि गाडीचे कागद एकदा उघडून पाहावेत हे मलाही सुचले नाही.

आधी कागदांचे बोलू. गाडी उभी आहे, मग विमा कशाला, असे पुष्कळांना वाटते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी वापरायला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर सप्टेंबर 2019 पासून पहिल्या वेळी 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय चोरी, आग, पूर या गोष्टी गाडी उभी आहे म्हणून टळत नाहीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उभ्या गाड्याच पाण्यात बुडाल्या. नुसत्या तिसऱ्या पक्षाच्या विम्यातून अशा नुकसानीचा पैसा मिळत नाही, त्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा लागतो. तो संपून 90 दिवस उलटले की आधी जमलेली नो क्लेम बोनसची सूटही जाते.

ज्या गाडीचा कर ठरावीक मुदतीने भरावा लागतो, ती बंद ठेवणार असाल तर मुदत सुरू होण्याआधीच आरटीओला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. नंतर जाऊन "गाडी बंदच होती" म्हटले तर कोण ऐकणार? गाडी रस्त्याच्या कडेलाही सोडू नये. बेवारस समजून महापालिका नोटीस चिकटवते आणि उचलून नेते.

आता गाडीची तयारी. एका सकाळचे काम आहे.

1. जागा : पाणी साचत नाही अशी, शक्यतो छपराखालची. झाडाखाली नको. वर सुती कापडाचे आच्छादन घालावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि पत्रा गंजतो.

2. धुणे : गाडी आतून-बाहेरून स्वच्छ करून पूर्ण वाळवावी. आत बिस्किटाचा तुकडाही राहू नये, उंदीर त्यासाठीच येतात.

3. तेल आणि पेट्रोल : इंजिन ऑइल जुने झाले असेल तर आधीच बदलावे, वापरलेल्या तेलातले आम्ल इंजिन खाते. पेट्रोलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते, आणि आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा ओढून घेते. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा.

4. बॅटरी : उणे टोकाची वायर आधी काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. महिना-दोन महिन्यांनी बॅटरी चार्ज करून आणावी.

5. टायर आणि ब्रेक : हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो चिकटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. महिन्यातून एकदा दोघांनी ढकलून हातभर पुढे घ्यावी.

रोज पाच मिनिटे इंजिन चालवण्याने काय होते? इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते, आणि सुरू करताना बॅटरीतून जेवढे जाते तेवढे परत भरत नाही. घरात परवाना असलेले कुणी असेल आणि कागद चालू असतील, तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. नाहीतर बॅटरी काढून गाडी गप्प ठेवावी आणि आठवड्याला बॉनेट उघडून उंदरांचे घरटे नाही ना, एवढे पाहावे.

पुन्हा काढताना आधी विमा, पीयूसी आणि भाड्याची गाडी असल्यास फिटनेस यांच्या तारखा पाहाव्यात. मग वायरी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, टायरची हवा. सीएनजीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर वास आला तर किल्ली फिरवू नये, लगेच व्हॉल्व्ह बंद करून मेकॅनिकला बोलवावे. पहिला फर्लांगभर सावकाश जाऊन दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा, मगच सवारी घ्यावी.

वर्ष-दोन वर्षे गाडी लागणारच नसेल तर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे. हप्ते, विमा, देखभाल आणि घटत जाणारी किंमत यांची बेरीज करावी. पुष्कळदा विकून कर्ज फेडणेच परवडते. त्यात कमीपणा कसला?

शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. परगावी जाणारा किल्ली बायकोच्या हातात देतो आणि कागद स्वतःच्या बॅगेत नेतो. असे करू नका. विम्याची तारीख, हप्त्याची तारीख आणि मेकॅनिकचा फोन नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि घरच्या बाईला सगळे समजावून सांगा. आमच्या भावजयीने आता ते स्वतःच्या वहीत लिहून घेतले आहे. गेल्या वेळी विम्याची आठवण भावाला तिनेच करून दिली, तीही मुदतीच्या आठ दिवस आधी.