ओवीचा गळा कुणी कापला?

मराठी विभागांच्या लोकसाहित्याच्या पेपरात जात्यावरच्या ओवीची जागा ठरलेली आहे. व्याख्या, वैशिष्ट्ये, विषयानुसार वर्गीकरण आणि शेवटी 'अनामिक स्त्रीप्रतिभेचा आविष्कार' हे ठेवणीतले वाक्य. एवढे लिहिले की गुण पडतात. ओवी ही गायची गोष्ट आहे, हे मात्र या उत्तरात कुठेच येत नाही.

छापील ओळी हा ओवीचा सांगाडा. जात्यावर बसलेली बाई त्या ओळी मोडते, अर्धा चरण पुन्हा घेते, मध्ये 'बाई', 'गं' घालते आणि खुंट्याच्या फेऱ्याशी श्वास जुळवते. त्या चालीला बायका 'गळा' म्हणतात. शब्द तेच असले तरी गळा बदलला की ओवीचा भाव बदलतो. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'सारख्या संग्रहांनी ओवीचे शब्द वाचवले, हे ऋण मोठेच आहे. पण त्या शब्दांनाच आपण संपूर्ण ओवी मानून बसलो, हा दोष संग्राहकांचा नव्हे, आपला.

दुसरा प्रश्न वारशाचा. भोर-वेल्ह्याचा मुलूख कागदपत्रांनी समृद्ध आहे. कारीच्या जेध्यांची शकावली आपण इतिहासाचे साधन म्हणून आदराने अभ्यासतो. वतने, महजर, वंशावळी यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, पण ती बहुतांशी पुरुषांची. ओवीचा वारसा आईकडून लेकीकडे जातो. लेक सासरी गेली की माहेरचा गळा तिच्याबरोबर जातो आणि सासूच्या, जावेच्या गळ्यात मिसळतो. घराण्याची ही दुसरी वंशावळ आहे. ती कोणत्याच दप्तरात नाही, म्हणून आपण तिला 'अनामिक' म्हणून मोकळे होतो. गाणाऱ्या बाईला नाव होते. ते विचारण्याची तसदी आपण घेतली नाही.

विचारले तर काय हाती लागते, याचा पुरावा पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या गायिकेच्या आणि गावाच्या नावानिशी ऐकता येतात. त्यांत राम-सीता आणि विठ्ठल आहेत, तसे बाबासाहेब आंबेडकरही आहेत. 'ओवी म्हणजे सोशिक बाईचे रडगाणे' असे म्हणणाऱ्या पुरोगाम्यांनी आणि 'ओवी म्हणजे आमची सोज्वळ संस्कृती' म्हणणाऱ्या परंपरावाद्यांनी त्या एकदा ऐकाव्यात. दोघांचीही पंचाईत होईल.

यावर आमच्याच व्यवसायबंधूंचे उत्तर ठरलेले असते : चाल हा संगीत विभागाचा विषय. संगीत विभाग म्हणतो, हे शास्त्रीय नाही. समाजशास्त्र म्हणते, हे साहित्य आहे. अशी टोलवाटोलवी चालू असताना पिठाच्या गिरण्यांनी जाते अडगळीत टाकले. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांनी गावे उठवली आणि एका जात्यावर बसणाऱ्या बायका वेगवेगळ्या ठिकाणी पांगल्या. उरली ती लग्नातली हळद दळण्यापुरती ओवी, आणि तिलाही आता ध्वनिवर्धकाशी झगडावे लागते.

गिरणीला किंवा धरणाला दोष देत बसण्यात अर्थ नाही. पहाटे उठून पायलीभर दळण्याचे कष्ट परत यावेत, असे कुणीही शहाणा म्हणणार नाही. प्रश्न आपल्या हातात असलेल्या गोष्टीचा आहे. भोर-वेल्ह्याच्या महाविद्यालयांत बसणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरी गाणारी आजी अजून आहे. तिची नात वर्गात ओवीची व्याख्या पाठ करते आणि घरी जाऊन आजीला काहीच विचारत नाही, कारण परीक्षेत आजीला गुण नाहीत. व्याख्येचे गुण कमी करून ते आजीच्या संमतीने, तिच्या नावानिशी आणि चालीसह नोंदवलेल्या दहा ओव्यांना द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी अनुदान लागत नाही, परिसंवाद लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. हेही जमणार नसेल, तर प्रश्नपत्रिकेतून 'अनामिक' हा शब्द तरी काढून टाकावा.