५ टक्के कॅशबॅकचं क्रेडिट कार्ड घेतलं, पण वर्षाअखेर हातात किती उरतं?

मॉलच्या दारातला स्टॉल असो, विमानतळ असो की मोबाइलवर येणारा फोन, क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचं वाक्य आता ठरलेलं आहे: '५ टक्के कॅशबॅक आणि पहिल्या वर्षी फी नाही.' देशात वापरात असलेल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४च्या सुरुवातीला १० कोटींच्या पुढे गेली. किराणा, वीजबिल, पेट्रोल हा खर्च तर करायचाच आहे, मग त्यातले थोडे पैसे परत मिळत असतील तर कोणाला नको आहेत?

पण जाहिरातीतले ५ टक्के आणि वर्षाअखेर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांत बरंच अंतर असतं. एकाच कार्डावर एका घराचे साडेचार हजार रुपये वाचतात, तर दुसऱ्या घराच्या हातात जेमतेम हजार-अकराशे पडतात. हा फरक कार्डामुळे पडत नाही, त्या घराच्या खर्चाच्या सवयींमुळे पडतो.

कॅशबॅकचे पैसे येतात कुठून?

ग्राहक दुकानात १,००० रुपयांसाठी कार्ड स्वाइप करतो, तेव्हा दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत. दोन टक्क्यांच्या आसपासची रक्कम शुल्क म्हणून कापली जाते. यालाच मर्चंट डिस्काउंट रेट किंवा एमडीआर म्हणतात. या शुल्काचा सर्वांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. बँक त्यातलाच काही भाग ग्राहकाला परत देते, तोच कॅशबॅक.

मग दोन टक्के मिळवणारी बँक पाच टक्के देते कशी? काही वेळा त्यातला भार भागीदार कंपनी उचलते, कारण तिला ग्राहक आपल्याच अ‍ॅपवर हवा असतो. काही रक्कम वार्षिक फीमधून येते. मोठा भाग येतो तो बिल वेळेवर न भरणाऱ्यांच्या व्याजातून. आणि जिथे हे गणित जमत नाही, तिथे बँक कॅशबॅकवर मर्यादा घालते किंवा तो खर्च यादीतूनच वगळते.

५ टक्के कशावर आणि कशावर नाही?

बाजारातल्या कॅशबॅक कार्डांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार एकाच कंपनीशी जोडलेल्या कार्डांचा. २०१८मध्ये आलेलं अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड हे त्याचं उदाहरण. वार्षिक फी नसलेलं हे कार्ड आलं तेव्हा अ‍ॅमेझॉनवरच्या खरेदीवर प्राइम सदस्यांना ५ टक्के, इतरांना ३ टक्के आणि बाहेरच्या बहुतांश खरेदीवर १ टक्का असा हिशेब होता.

दुसरा प्रकार खरेदीच्या पद्धतीनुसार कॅशबॅक देणारा. एसबीआय कार्डने सप्टेंबर २०२२मध्ये आणलेल्या कॅशबॅक कार्डावर कोणत्याही वेबसाइटवरच्या ऑनलाइन खरेदीला ५ टक्के आणि दुकानातल्या खरेदीला १ टक्का कॅशबॅक होता. वार्षिक फी ९९९ रुपये.

तिसरा प्रकार जवळपास सगळ्या खर्चावर सरसकट एकच दर देणाऱ्या कार्डांचा. हा दर साधारण एक ते दीड टक्का असतो. आकडा छोटा दिसतो, पण अटी कमी असतात.

तिन्ही प्रकारांत वगळलेल्या खर्चाची यादी मात्र जवळपास सारखीच असते: पेट्रोल-डिझेल, वॉलेटमध्ये पैसे भरणं, घरभाडं, दागिने, ईएमआयवरची खरेदी, सरकारी भरणा. बऱ्याच कार्डांवर शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि वीजबिलही याच यादीत असतं. मध्यमवर्गीय घराचा मोठा, न टळणारा खर्च नेमका इथेच असतो.

खरेदी कोणत्या प्रकारात मोजायची, हे ग्राहकाने काय विकत घेतलं यावर ठरत नाही. प्रत्येक दुकानाला कार्ड व्यवस्थेत एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो, त्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या छोट्या दुकानातून बिस्किटं घेतली आणि ते बिल पंपाच्याच मशीनवर झालं, तर बँकेच्या दृष्टीने तो इंधनाचा खर्च ठरू शकतो. 'कॅशबॅक आलाच नाही' या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असतं.

त्यानंतर येते कमाल मर्यादा. समजा एका कार्डावर ५ टक्के कॅशबॅक आहे, पण महिन्याला जास्तीत जास्त १,००० रुपये. म्हणजे २०,००० रुपयांच्या खरेदीनंतर ५ टक्के संपले. दिवाळीत त्याच कार्डावर ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला, तरी कॅशबॅक १,००० रुपयेच. प्रत्यक्ष दर झाला अडीच टक्के.

दोन कार्डं, दोन घरं

हे नीट समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कार्ड 'अ'वर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के, दुकानातल्या खरेदीला १ टक्का आणि बिलं, पेट्रोल, शाळेची फी, विमा यांवर काहीच नाही. फी ९९९ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १,१७९ रुपये. कार्ड 'ब'ला फी नाही. ऑनलाइन, दुकान आणि बिलं या सगळ्यांवर सरसकट दीड टक्का. पेट्रोल, फी आणि विमा इथेही वगळलेले.

पहिलं घर नाशिकमधलं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, एक मूल शाळेत आहे. महिन्याचा कार्डावरचा खर्च ३०,००० रुपये:

- ऑनलाइन खरेदी आणि जेवणाच्या ऑर्डरी: ८,०००
- सुपरमार्केट आणि दुकानं: ७,०००
- वीज, मोबाइल, इंटरनेटची बिलं: ४,०००
- पेट्रोल: ४,०००
- शाळेची फी: ५,०००
- विमा: २,०००

कार्ड 'अ'वर या घराला ऑनलाइन खरेदीचे ४०० आणि दुकानांचे ७० असे महिन्याला ४७० रुपये मिळतील. वर्षाचे झाले ५,६४०. फी वजा केली की उरतात ४,४६१ रुपये. वर्षाच्या ३ लाख ६० हजारांच्या खर्चावर हा दर जेमतेम सव्वा टक्का पडतो. कार्ड 'ब'वर १९,००० रुपयांचे दीड टक्के, म्हणजे महिन्याला २८५ आणि वर्षाला ३,४२० रुपये. या घरासाठी कार्ड 'अ' हजार रुपयांनी सरस आहे.

दुसरं घर कोल्हापुरातल्या निवृत्त जोडप्याचं. महिन्याचा खर्च १८,००० रुपये. त्यात ऑनलाइन खरेदी फक्त १,५००. किराणा, औषधं, कपडे हा १२,००० रुपयांचा खर्च ओळखीच्या दुकानांतून होतो. बिलं ३,००० आणि पेट्रोल १,५००. त्यांना कार्ड 'अ'वर फी वजा जाता वर्षाला १,१६१ रुपये मिळतील, तर कार्ड 'ब'वर २,९७० रुपये. ज्या कार्डाच्या जाहिरातीत ५ टक्के लिहिलंय, ते या घराला निम्म्याहूनही कमी पैसे देतं.

नाशिकच्या घराचंही उत्तर कायमचं नाही. बाकी खर्च तोच राहून त्यांची ऑनलाइन खरेदी महिन्याला साडेपाच हजारांच्या खाली गेली, तर त्यांच्यासाठीही बिनफीचं कार्ड 'ब' जास्त फायद्याचं ठरेल.

आणखी एक मेख आहे. 'वर्षाला २ लाख रुपये खर्च केल्यास फी माफ' अशी अट अनेक कार्डांवर असते. पण वगळलेला खर्च बरेचदा या २ लाखांतही धरत नाहीत. तसं असेल तर नाशिकच्या घराचा ३ लाख ६० हजारांपैकी १ लाख ८० हजारांचाच खर्च मोजला जाईल. मग वर्षाच्या शेवटच्या महिन्यात २०,००० रुपयांची नको असलेली खरेदी करण्याचा मोह होतो, तोही १,१७९ रुपये वाचवण्यासाठी.

यूपीआयमुळे काय बदललं?

भाजीवाला, चहाची टपरी, कोपऱ्यावरचं मेडिकल, इथे स्वाइप मशीन नसतं, क्यूआर कोड असतो. सप्टेंबर २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. त्यामुळे या दुकानांतही क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात. मात्र ही सोय दुकानदारांच्या क्यूआरपुरती आहे, नातेवाइकाला किंवा मित्राला पैसे पाठवण्यासाठी नाही.

छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर एमडीआर लागत नाही. म्हणजे तिथे बँकेची कमाईच नाही. म्हणून यूपीआयवरच्या खर्चाला अनेक कार्डं कमी कॅशबॅक देतात किंवा देतच नाहीत. ज्यांचा बहुतेक खर्च क्यूआरवर होतो, त्यांनी कार्डाच्या अटींत यूपीआयचा दर वेगळा पाहायला हवा.

दुसरीकडे, इलेक्ट्रॉनिक्सच्या काही दुकानांत किंवा सराफाकडे कार्ड दिलं की दोन टक्के जास्त मागतात. तिथे एक टक्का कॅशबॅकसाठी कार्ड वापरणं म्हणजे सरळ नुकसान.

बँका हात आखडता का घेतायत?

गेल्या काही वर्षांत सवलती वाढण्याऐवजी कमी होताना दिसतात. अ‍ॅक्सिस बँकेचं 'एस' कार्ड सुरुवातीला इतर खर्चावर सरसकट २ टक्के देत होतं, नंतर ते दीड टक्क्यावर आलं. येस बँक आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेने मे २०२४पासून ठरावीक रकमेपुढच्या वीज-पाणी-गॅससारख्या बिलांवर १ टक्का शुल्क लावलं. घरभाडं कार्डाने भरण्यावर आयसीआयसीआय बँकेने ऑक्टोबर २०२२पासून १ टक्का शुल्क घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेचे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठीचे नवे नियम आल्यावर अनेक अ‍ॅप्सनी भाडं भरण्याची ही सोयच बंद केली.

यामागे एक कारण नियामकाचंही आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड कर्जांचं जोखीम भारांकन १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेलं. सोप्या भाषेत, कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला आता जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. विनातारण कर्ज फार वेगाने वाढतंय, ही रिझर्व्ह बँकेची चिंता होती. धंदा महाग झाला की पहिली कात्री सवलतींना लागते.

याचा ग्राहकासाठी अर्थ असा, की आज फायद्याचं असलेलं कार्ड दोन वर्षांनी तसंच राहील याची खात्री नाही.

एका महिन्याचं बिल थकलं तर?

कॅशबॅकचा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: दर महिन्याचं पूर्ण बिल वेळेवर भरलं जाईल. ते झालं नाही, तर चित्र उलटं होतं.

क्रेडिट कार्डाचं व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे जातं. नाशिकच्या घराचे ३०,००० रुपये एक महिना थकले, तर ढोबळमानाने १,०५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,२३९ रुपये जातील. वर्षभरात मिळवलेल्या ४,४६१ रुपयांतली चौथाईहून जास्त रक्कम एका महिन्यात गेली. 'किमान रक्कम' भरली तर विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

या व्याजावर पूर्वी एक लगाम होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे आता थकबाकी न ठेवणं हाच ग्राहकाच्या हातातला उपाय.

म्हणूनच ज्यांना दर दोन-तीन महिन्यांनी बिल पूर्ण भरणं जमत नाही, त्यांच्यासाठी कोणतंही कॅशबॅक कार्ड फायद्याचं नाही.

मग कार्ड निवडायचं कसं?

- मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास काढून खर्च पाच गटांत मांडावा: ऑनलाइन, दुकानं, बिलं, इंधन आणि फी-विमा. जूनमधली शाळेची फी किंवा दिवाळीची खरेदी हे अपवाद वेगळे धरावेत.
- प्रत्येक गटापुढे कार्डाचा दर लिहावा. वगळलेल्या गटापुढे शून्य. कमाल मर्यादा लावावी, वर्षाची बेरीज करावी आणि जीएसटीसह फी वजा करावी.
- कॅशबॅक बिलातून आपोआप वजा होतो, की पॉइंट किंवा वॉलेटच्या रूपात मिळतो, हे पाहावं. विशिष्ट अ‍ॅपवरच खर्च करता येणारे पैसे रोख पैशांइतके मोलाचे नसतात.
- अर्जासोबत बँकेने व्याज आणि शुल्कांची माहिती देणारं एक पानी पत्रक द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विक्री प्रतिनिधीच्या बोलण्यापेक्षा ते पान आधी वाचावं.
- शुल्कात बदल करायचा तर बँकेने किमान एक महिना आधी कळवावं लागतं. असा मेसेज आला की हिशेब पुन्हा मांडावा.
- कार्ड परवडेनासं झालं, तर थकबाकी चुकती करून ते बंद करायला सांगता येतं. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात.

नाशिकचं घर असो वा कोल्हापूरचं, हा हिशेब कागदावर मांडायला अर्धा तास पुरतो. तो न मांडता घेतलेलं कार्ड हळूहळू उलटं काम करू लागतं. कार्ड आपल्या खर्चाला जुळवायचं असतं. पण कॅशबॅकच्या नादात आपला खर्चच कार्डाला जुळवून घेतला, तर महिन्याचं बिल वाढतं आणि परत मिळालेले चार-साडेचारशे रुपये त्यात कुठे गेले, ते कळतही नाही.