गुंतवणूकदाराचे चरित्र आणि जुन्नरचा शिलालेख

उद्योजकाचे मराठी चरित्र ही आता संतचरित्राची नवी आवृत्ती झाली आहे. आरंभी हलाखी, मध्ये परदेशगमन आणि साक्षात्कार. अखेरीस नायक स्वतःची कंपनी सोडून इतरांच्या कंपन्यांत भांडवल घालू लागतो. हे शेवटचे प्रकरण मोक्षासारखे लिहिले जाते. हिशेब मात्र कुठेच नसतो.

सुहास पाटील यांचेच उदाहरण घ्यावे. १९६५ साली खरगपूरच्या आयआयटीची पदवी, एमआयटीत डॉक्टरेट व अध्यापन, मग युटा विद्यापीठ. चिपच्या रचनेची जी पद्धत त्यांनी तिथे विकसित केली, तिच्या बळावर १९८१ मध्ये ‘पाटील सिस्टिम्स’ उभी राहिली आणि १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात येऊन ‘सिरस लॉजिक’ झाली. लगेच १९८५ मध्ये मुख्याधिकारी म्हणून मायकेल हॅकवर्थ आले. १९९२ मध्ये पाटील ‘टाय’च्या संस्थापकांपैकी एक झाले, पुढे नवोदितांचे गुंतवणूकदार आणि मार्गदर्शक.

कर्तृत्व निर्विवाद आहे. पण खरगपूर आणि युटा या दोन्ही सार्वजनिक संस्था. त्यांनी जे पुरवले त्याला आपला चरित्रकार भांडवल मानतच नाही. भांडवल तेवढेच, जे नायक पुढे इतरांना देतो. हॅकवर्थही अर्थातच एका वाक्यात आटोपतात. (किंवा तेवढेही नाही.)

याहून प्रामाणिक रीत जुन्नरच्या लेण्यांत कोरलेली आहे. तिथल्या एका प्राकृत लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने कोणाचिक श्रेणीकडे सोपवलेल्या दानाची नोंद आहे: २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी, ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. कोणी दिले, कोणाच्या हाती, किती आणि कशासाठी, हे सारे दोन-तीन ओळींत. दात्याच्या बालपणाविषयी अवाक्षर नाही!

आणि जोखमीचे काय? बुडालेली कंपनी गुंतवणूकदाराच्या चरित्रात ‘अनुभव’ म्हणून येते. भाव पडल्यामुळे नारायणगावच्या बाजारातून रिकाम्या हाताने परतणारा टोमॅटो उत्पादकही जोखीमच घेतो, तीही स्वतःच्या रानावर आणि सोसायटीच्या कर्जावर. त्याच्या बुडण्याला आपल्या वाङ्मयात ‘व्यथा’ म्हणतात आणि ते ग्रामीण साहित्याच्या तासाला शिकवले जाते. जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांत हे दोन्ही तास एकाच बाकावर बसून ऐकणारा विद्यार्थी बहुधा त्याच शेतकऱ्याचा मुलगा असतो.