सुटलेल्या नागरिकत्वाचा दाखला

पोर्तुगीज झालेल्या गोवेकराला पुन्हा भारतीय व्हायचे असेल, तर आपला कायदा त्याला दार लावत नाही. पूर्वी भारताची नागरिक असलेली सज्ञान व्यक्ती बारा महिने इथे राहिली, की नोंदणीने नागरिकत्व मागू शकते. अट एवढीच, की अर्ज मंजूर होताना पोर्तुगालचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा. तो येणार लिस्बनहून. आणि पोर्तुगालच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्याचे आठवे कलम सांगते, की जो दुसऱ्या देशाचा नागरिक आहे त्यालाच 'मला पोर्तुगीज राहायचे नाही' असे जाहीर करून मोकळे होता येते. दिल्ली म्हणते, आधी तिकडचे सोडा. लिस्बन विचारते, सोडाल हो, पण तुम्ही आहात कुठले?

हा गुंता गोव्याच्या मुक्तीइतकाच जुना आहे. 20 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना 1962 च्या आदेशाने सरसकट भारतीय मानले गेले. पोर्तुगीजच राहायचे असेल त्याला महिनाभराची मुदत होती. धर्मगुरू मोन्सिन्योर रेमेदिओस मोंतेरो यांनी तो पर्याय घेतला आणि वास्तव्याचा परवाना संपल्यावरही गोवा सोडला नाही. त्यावरून झालेला खटला ते सर्वोच्च न्यायालयात 1969 मध्ये हरले. तो पर्याय न घेतलेले सारे भारतीय झाले. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करायला 1974 चा 31 डिसेंबर उजाडू दिला, आणि त्यानंतरही गोवेकरांचा जन्मसिद्ध हक्क पुसला नाही. त्यामुळे लिस्बनच्या निबंधकांच्या लेखी तिथे आपली जन्मनोंद करणारा गोवेकर मुळातच पोर्तुगीज असतो. आपल्या लेखी त्याने परके नागरिकत्व आपखुशीने घेतलेले असते, म्हणून 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम त्याचे भारतीय नागरिकत्व संपवते.

सासष्टी-बार्देशातली कित्येक घरे या नोंदीच्या जोरावर इंग्लंडमधल्या स्विंडनला पोहोचली. पोर्तुगीज पासपोर्ट खिशात ठेवून इकडे भारतीय पासपोर्टही वापरणारे, मतदान करणारे त्यांत होते. त्यांना दंड झालाच पाहिजे. पण अशांचा भारतीय पासपोर्ट सरकारने रद्द केला, की तो 'परत केल्याचा' दाखला मिळत नाही, आणि त्यावाचून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डही अडते. परराष्ट्र मंत्रालयाने 2024 च्या एप्रिलमध्ये रद्दीकरणाचा आदेश चालेल अशी मुभा दिली आणि लवकरच मागेही घेतली. नागरिकत्व संपले असे सरकारनेच लिहून दिल्यावर ते संपल्याचा आणखी कोणता पुरावा हवा, हे विचारायची सोय नाही. निवडणुकीच्या हंगामात दिलेल्या मुभेचे आयुष्य तेवढेच, असे कुणी म्हटले तर त्याला तरी काय उत्तर द्यावे?

पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे. नागरिकत्व देणार असल्याची लेखी हमी गृह मंत्रालयाने द्यावी, लिस्बनने ती ग्राह्य धरावी आणि एक सुटताच दुसरे मिळावे, असा नमुना दोन्ही सरकारांनी ठरवायला हवा. गोव्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढाच प्रश्न लावून धरावा.