चाकांवरच्या घरातली हवा

अटलांटा किंवा शार्लटला मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना एकदा तरी ‘स्मोकी’ला नेले जाते. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरचे ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतले सर्वाधिक गर्दीचे राष्ट्रीय उद्यान. तिथे वर्षाला एक कोटी वीस लाखांहून अधिक भेटी नोंदल्या जातात. अनेक कुटुंबे हॉटेलऐवजी आरव्ही, म्हणजे ओटा, बिछाने आणि स्वच्छतागृह असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना वरचेवर उतरावे लागत नाही आणि वरणभात गाडीतच शिजतो. बेत आखताना चर्चा होते ती धबधब्यांची, पानांच्या रंगांची आणि भाजणी किती न्यायची याची. फार तर अस्वलांची. पण गाडीला एकदा ‘घर’ म्हटले की घरातली निर्धास्तीही सोबत येते, आणि या सहलीतला मोठा धोका अस्वलांपेक्षा त्या निर्धास्तीत आहे.

सुरुवात हवेपासून करायला हवी. आरव्हीमध्ये जनरेटर, गॅसची शेगडी आणि गॅसवरचा हीटर असतो. इंधन अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळ, गरगरणे. घाटातल्या वळणांवरून दिवसभर आलेल्या माणसाला हे झाले, तर ‘गाडी लागली असेल, जरा झोप’ असाच सल्ला मिळतो. हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो, कारण झोपेत विषबाधा झालेल्याला जागच येत नाही. कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे तो 98 दाखवत राहतो.

अमेरिकेत आग न लागताही केवळ या वायूच्या अपघाती विषबाधेने दरवर्षी 400 हून अधिक माणसे दगावतात. हा धोका दूरदेशीचाच आहे असेही नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले.

स्मोकी उद्यानातल्या बहुतेक तळांवर विजेची जोडणी नाही आणि रात्री जनरेटर चालवायला बंदी आहे. ऑक्टोबरात उंचावरच्या रात्री गोठणबिंदूजवळ जातात. मग कुणीतरी ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवतो. गाडीचा मूळ हीटर धूर बाहेर सोडतो, शेगडी मात्र आतच सोडते. एक खिडकी किलकिली ठेवली म्हणजे झाले, हा समजही चुकीचा आहे. त्यामुळे गाडी ताब्यात घेताना गाद्यांआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहावा. बटण दाबल्यावर वाजतो का आणि त्यावरची मुदत उलटली आहे का, हे तपासावे. या अलार्मचे आयुष्य काही वर्षांचेच असते. तो वाजला, किंवा दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर कारण शोधत न बसता सर्वांनी बाहेर पडावे आणि मदत मागवावी.

दुसरी गोष्ट उताराची. गॅटलिनबर्गहून न्यूफाउंड गॅप या 1,538 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत रस्ता हजार मीटरहून अधिक चढतो आणि पलीकडे चेरोकीकडे तसाच उतरतो. भाड्याची मध्यम आरव्ही पाच-सहा टनांची असते, पण ती चालवायला साधा कारचा परवाना पुरतो. आयुष्यभर छोटी गाडी चालवलेला माणूस उतारावर सतत ब्रेक दाबत राहतो. वेग कमी होतो तेव्हा त्यातली ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. तापलेला ब्रेक पकड सोडतो. कसारा घाटातला जुना ट्रकचालक जे सांगतो तेच इथेही लागू आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचे.

तिसरी गोष्ट पाण्याची. ओढ्याकाठची जागा सर्वांना हवी असते. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हेलेन चक्रीवादळाने हाच भाग उद्ध्वस्त केला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात दरडी कोसळल्या, नद्यांनी काठ गिळले आणि एकट्या त्या राज्यात शंभरहून अधिक माणसे गेली. अरुंद दरीत पडलेला सगळा पाऊस एकाच ओढ्यात उतरतो, त्यामुळे पाणी तासाभरातही चढू शकते. तिथे मोबाइलला अनेकदा रेंज नसते, म्हणजे इशाराही पोहोचत नाही. ओढ्याकाठी दिवसभर बसावे, मुक्काम मात्र उंचावर करावा. पाणी वाढू लागले तर गाडी वाचवण्याच्या फंदात न पडता चढणीकडे पायी निघावे.

गोचिडाची काळजी मात्र परतल्यावरही हवी. त्याच्या चाव्यातून होणाऱ्या ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर’चे नाव पश्चिमेतल्या पर्वताचे असले, तरी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही त्याची प्रमुख राज्ये आहेत. सहलीनंतर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी प्रवासाची माहिती द्यावी. वेळेत दिलेले डॉक्सिसायक्लिन प्राण वाचवते, उशीर झाल्यास ते कमी पडते.

इतका विचार करत बसले तर सहल कसली, असे कुणी म्हणेल. पण अलार्म तपासणे, उतरणीचा गिअर समजून घेणे आणि उंचावरची जागा निवडणे याला सारे मिळून तासभरही लागत नाही. ज्येष्ठांच्या गोळ्यांची यादी आणि जवळचे रुग्णालय कागदावर लिहून घेणे हे आणखी दहा मिनिटांचे काम.

2021 मध्ये महाराष्ट्रानेही कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. महाबळेश्वर, आंबोली, भंडारदरा इथल्या थंड रात्रीही खिडक्या घट्ट लावायला लावणाऱ्याच असतात. चालता अलार्म नसेल, तर अशी एकही गाडी भाड्याने देऊ नये. ही अट काटेकोर हवी, आणि ती पाळली जाते का हे ग्राहकाने विचारायला हवे. धबधबे आणि पाने पुढच्या वर्षीही तिथेच असतील. ती पाहायला सगळे परत यावेत, एवढ्यासाठीच बेत आखायचा असतो.